‘ताकसांडे’ : ताक खरंच सांडलं होतं का?

नागपूरच्या एका ताईंनी विचारलंय : ‘आमचं आडनाव ताकसांडे. आजी सांगायची की पणजोबांच्या हातून लग्नाच्या पंगतीत ताकाचं मडकं सांडलं, तेव्हापासून हे नाव पडलं. हे खरं असेल का? आणि अशी गमतीदार आडनावं आपल्या विदर्भातच एवढी का?’

ताई, मडकं सांडलंही असेल. पण नाव त्यावरून पडलं असं मला वाटत नाही. ताकसांडे नागपूर-वर्धा पट्ट्यात गावोगाव भेटतात आणि त्यातल्या कित्येकांचा एकमेकांशी काही नातंगोतं नाही. एका पणजोबांच्या पंगतीतलं ताक एवढ्या गावांत कसं पोचणार? आधी नाव होतं, ते चमत्कारिक वाटलं, मग घरातल्या कुणा रसिक माणसानं त्याला शोभेलशी गोष्ट जोडली. आडनावांच्या बहुतेक गोष्टींचा जन्म असाच होतो.

आता शब्दाकडे या. ‘सांडणे’ म्हणजे आज आपल्याला ओतलं जाणं, लवंडणं एवढंच आठवतं. जुन्या मराठीत त्याचा मुख्य अर्थ टाकणे, सोडून देणे हा होता. ज्ञानेश्वरीत ‘सांडूनि’ पानोपानी येतं ते ‘त्यागून’ या अर्थानं. आपण अजूनही ‘लाज सांडली’ म्हणतो, तेव्हा लाज काही फरशीवर ओघळलेली नसते. त्यामुळे ताकसांडे म्हणजे ताक वर्ज्य केलेलं घराणं, हा अर्थ व्याकरणाला तितकाच मानवतो. नवसापायी किंवा कुळाचा नेम म्हणून एखादी वस्तू सोडण्याची रीत आपल्याकडे आहेच. छातीठोक सांगत नाही, पण आजीच्या गोष्टीपेक्षा माझा कल इकडे आहे.

नावाची घडण मात्र नक्की सांगता येते. आधी वस्तू किंवा प्राणी, मग क्रियापद, शेवटी ‘ए’ : वाघमारे, घोडमारे, हत्तीमारे, तेलरांधे, पोटदुखे. एकट्या माणसाला गाव ‘वाघमाऱ्या’ म्हणे. नाव अख्ख्या घराण्याचं झालं की अनेकवचन होऊन वाघमारे. खेड्यात आजही मुलाचं नाव न घेता ‘वाघमाऱ्याचं पोट्टं’ म्हणतात, तिथे ते जुनं एकवचन जिवंत सापडतं. आणि हे विदर्भापुरतं नाही बरं का. डोईफोडे, ढमढेरे ही विदर्भाबाहेरचीच मंडळी.

मग इकडे अशी नावं जास्त का वाटतात? एक कारण ‘कर’चं आहे. कोकणात आणि देशावर गावाच्या नावाला ‘कर’ लागलं की आडनाव तयार, आणि ते ऐकताना कुणाला हसू येत नाही. इकडेही उमरेडकर, काटोलकर आहेत. पण पुष्कळदा गावाच्या नावाला नुसता ‘ए’च लागतो : रामटेके, वानखेडे, नागपुरे. गाव ठाऊक नसलं की ते गावाचं नाव आहे हे लक्षातच येत नाही.

गावावरून पडलेल्या नावाची आणखी एक गंमत. ते नाव देतो बाहेरचा माणूस. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत राहणाऱ्याला महालातलं कोण ‘नागपूरकर’ म्हणेल? आपल्या भोसल्यांचंच बघा. हे घराणं आधी हिंगणीकर भोसले म्हणून ओळखलं जाई. रघूजींनी नागपूरला गादी बसवली आणि पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांसाठी ते ‘नागपूरकर भोसले’ झाले. तेव्हा कुणी नागपुरे भेटले तर त्यांच्या पूर्वजांनी नागपूर कधी सोडलं, हे विचारावं.

शेवटी ‘वार’ आला की तोंड दक्षिणेकडे करायचं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, पुढे नांदेड. हा तेलुगूतला ‘वारु’, म्हणजे ‘अमक्याकडची मंडळी’, शिवाय आदरार्थी. मुनगंटीवार, वडेट्टीवार, आणि १९६२-६३ मध्ये मुख्यमंत्री असलेले मारोतराव कन्नमवार, सगळे याच घडणीचे. पवार आणि गोंदियाकडचे पोवार यांना मात्र यात ओढू नका. त्यांचा ‘वार’ परमार शब्दातून आलाय.

‘नवीस’वाल्यांचं सोपं आहे. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. चिटणवीस चिठ्ठ्या-पत्रं लिहिणार, फडणवीस दफ्तर-हिशेब बघणार. हुद्दा मूळ आडनावाला कसा गिळतो त्याचं ठळक उदाहरण पेशव्यांकडचे नाना फडणवीस : ते बाळाजी जनार्दन भानू. भानू आज किती जणांना आठवतो? साताऱ्याकडे चिटणीस झाले, आपल्याकडच्या चिटणवीसांनी तो ‘वी’ राखला. महालातला चिटणवीसपुरा त्यांचाच.

गोंडी आडनावांना तर हे कुठलंच गणित लागू नाही. नागपूर वसवलं ते देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह यानं, १७०२ च्या सुमारास, म्हणजे ही नावं इथे भोसल्यांच्या आधीची. मडावी, आत्राम, उईके, टेकाम, मरकाम ही गोत्रं आहेत. टेकाममध्ये ‘टेका’ म्हणजे सागाचं झाड, मरकाममध्ये ‘मरका’ म्हणजे आंबा. गोत्रांची वाटणी किती देव पूजतात त्यावरून, चार, पाच, सहा, सात देव अशी असते आणि सारख्याच संख्येनं देव असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. इथे आडनाव हा हाक मारायचा शब्द नाही, लग्नाचा कायदा आहे. आणि तेच मेश्राम आडनाव गोंडांत सापडतं तसं बौद्धांतही, म्हणून आडनावावरून जात ओळखल्याचा आव आणणाऱ्यांची इकडे हमखास फजिती होते. (व्हावीच.)

ताई, खरंच छडा लावायचा असेल तर मूळ गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहा. तहसीलमध्ये नक्कल मिळते. जातीच्या दाखल्यासाठी लोक काढतातच. जुन्या पानांवर बरेचदा आडनाव दिसणारच नाही, ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. मास्तरांनी ‘आडनाव सांग’ म्हटल्यावर बाप जे बोलला ते तिथे कायमचं झालं, कधी मास्तरांच्या कानाला ऐकू आलं तसं. घरातल्या कुणाच्या नोंदीपाशी ‘ताकसांडे’ पहिल्यांदा दिसतं ते बघा. पणजोबांच्या वडिलांच्या नोंदीतच दिसलं, तर पंगतीची गोष्ट तिथेच निकालात निघेल. पणजोबांपासूनच सुरू झालं असेल, तर मला जरूर कळवा. मग आजीच्या मडक्याचा नव्यानं विचार करावा लागेल.