जुन्या आरएक्स १००च्या शॉकअपचे ऑइल सील घरी बदलताना पार्ट कसे जपायचे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९९२ची यामाहा आरएक्स १०० आहे, पुढच्या उजव्या शॉकअपमधून ऑइल गळतंय, आणि गॅरेजवाला "पेचकस घालून उचकटून काढू" म्हणाला म्हणून तुम्ही गाडी परत आणली. बरं केलंत. सील, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं, स्वस्त असतं, कुठेही मिळतं. ते ज्यात बसतं ती ॲल्युमिनियमची बॉटम केस (शॉकअपचा खालचा जाड भाग) आणि ज्यावर घासतं तो क्रोमचा पाइप, हे जपायचे पार्ट. या गाडीचं उत्पादन १९९६ साली बंद झालं. चांगली मूळ केस आता शोधत फिरावं लागतं.

माझीही आरएक्सच आहे, १९९४ची. पहिल्यांदा सील काढताना मी पेचकस थेट केसच्या कडेवर टेकवून दाबला. ॲल्युमिनियम मऊ, कडेला खाच पडली. बोटाला ती आजही लागते. तेव्हापासून या कामात घाई करत नाही.

काहीही खोलण्याआधी एक करून बघा. कधीकधी सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठाखाली, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या रबरी कडेखाली, वाळलेल्या चिखलाचा कण अडकलेला असतो. डस्ट कव्हर वर सरकवा, जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, ती पाइप आणि सीलच्या मधे घालून गोल फिरवा. काळी घाण बाहेर येईल. पुसून चार दिवस चालवा. गळती थांबली तर सील बदलायची गरजच नाही.

नाही थांबली, तर पाइप बघा. सील ज्या भागावरून वरखाली होतं तिथे नख फिरवा. नख अडखळलं की गंजाचा खड्डा आहे, आणि त्यावर नवं सील लावलं तरी तो खड्डा ते महिन्याभरात कापेल. बारीक एक-दोन खड्डे असतील तर इपॉक्सी भरून, पूर्ण वाळल्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. पाइपच्या गोलाईत घासा, उभं नाही. उभ्या रेघांतून ऑइलला वाट मिळते. क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल तर पाइप नवा घ्या किंवा पुन्हा क्रोम करून घ्या. क्लँपच्या आत दडणाऱ्या भागावरचा गंज मात्र गळतीला कारण नसतो. पाइप बाहेर आला की काचेवर लोळवा. वाकलेला असेल तर खाली उजेडाची फट उघडझाप करताना दिसते.

खोलण्याचा क्रम महत्त्वाचा. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा. चाक काढण्याआधीच दोन बोल्ट सैल करा: वरचा कॅप बोल्ट, आणि बॉटम केसच्या बुडातला ॲलन (षटकोनी खड्ड्याचा) बोल्ट. बुडातला सैल करताना कुणाला तरी हँडलवर जोर द्यायला सांगा. स्प्रिंग दाबलेली असली की आतला डँपर रॉड (हा बोल्ट ज्यात बसतो तो दांडा) बोल्टाबरोबर फिरत नाही. फोर्क, म्हणजे अख्खा शॉकअप, बाहेर काढून स्प्रिंग काढल्यावर हा बोल्ट नुसता गरगर फिरतो आणि लोक वैतागून ॲलनचा खड्डा गोल करून बसतात. तुमचा फिरलाच, तर झाडूचा लाकडी दांडा टोकाला निमुळता करून वरून पाइपमध्ये घट्ट दाबा. रॉड धरला जातो. कॅप बोल्ट पूर्ण काढताना हाताने खाली दाबून ठेवा, स्प्रिंग उसळते.

शिकंज्यात (व्हाइसमध्ये) पाइप कधीच धरू नका. केस धरायची तर एक्सलच्या कानाजवळ, दोन्ही बाजूंना लाकूड देऊन, हलक्या हाताने.

आता सील. आधी वरची तारेची सर्क्लिप काढा. ती चिखलगंजात इतकी मिसळून गेलेली असते की दिसतच नाही. ब्रशने साफ करा, खाचेत गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा. सर्क्लिप आत असताना सील ओढलं तर केसची खाच तुटू शकते. मग बॉटम केसला सीलच्या भागात फडकं गुंडाळून त्यावर सावकाश उकळतं पाणी ओता. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे आत पोलादी कडं असलेल्या सीलची पकड ढिली होते. हातमोजे घाला. गॅसची ज्योत किंवा ब्लो लँप वापरू नका, लॅकर जळतं आणि आत ऑइल असतं. पेचकसचं टोक गुळगुळीत घासून घ्या, केसच्या कडेवर चामड्याचा जाड तुकडा ठेवा आणि एकाच जागी जोर न देता गोल फिरत थोडं थोडं उचला. एका बाजूने हललं नाही तर पुन्हा पाणी ओता. माझं दुसऱ्या वेळचं सील तिसऱ्या पाण्याला निघालं.

बसवताना पाइपच्या टोकावर दुधाची रिकामी पिशवी ओढा, फोर्क ऑइल लावा आणि सील त्यावरून सरकवा, म्हणजे पाइपच्या धारेने ओठ कापला जात नाही. ओठावरची बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, ऑइलकडे. ठोकायला मापाचा पीव्हीसी पाइप घ्या आणि मधे जुनं सील ठेवा. त्या जुन्या सीलला आधी हॅक्सॉने एक काप द्या, नाहीतर तेच आत अडकतं. सर्क्लिपची खाच चहूबाजूंनी पूर्ण दिसली की थांबा. त्यापुढे एकही ठोका नको.

बुडातल्या बोल्टाला तांब्याचा वॉशर नवा घाला. जुना दबलेला असतो, आणि तिथून झिरपलं की लोकांना सीलच गेलं असं वाटतं. सील दोन्ही बाजूंची बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलं आहे तेवढंच, मोजपात्राने मोजून, दोन्हीकडे सारखं. भरल्यावर पाइप सावकाश आठ-दहा वेळा वरखाली करा, हवा निघू द्या.

सगळं जुळवताना खालच्या टी-स्टेमचे (दोन्ही फोर्क धरणाऱ्या आडव्या तुकड्याचे) क्लँप बोल्ट आणि एक्सल थोडे सैल ठेवून गाडी पाच-सहा वेळा दाबा, मग आवळा. नाहीतर फोर्क तिरके राहतात आणि नवं सील एकाच बाजूने झिजतं. आणि गळलेलं ऑइल चाकाच्या ड्रममध्ये गेलंय का ते चाक बाहेर असतानाच बघा. ब्रेक शू ऑइलने भिजले असतील तर धुऊन वापरू नका, नवे घाला.