पडदा जवळ, धावपट्टी दूर

प्रश्न : वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये पडदा काही फुटांवर असूनही धावपट्टी दूरवर कशी दिसते?

उत्तर : वैमानिक पडद्याकडे थेट पाहतच नसतो. प्रोजेक्टरांचे चित्र कॉकपिटच्या वर बसवलेल्या वक्र पडद्यावर मागून पडते आणि वैमानिकाला दिसते ते समोरच्या भल्यामोठ्या अंतर्वक्र आरशातील त्या चित्राचे प्रतिबिंब. आरशावरून परतलेले किरण जवळजवळ समांतर होऊन डोळ्यांत शिरत असल्याने दृश्य खरोखरच दूरचे भासते. साध्या पडद्यावर शेजारी बसलेल्या दोघांना धावपट्टी वेगवेगळ्या दिशांना दिसली असती; इथे ती दोघांच्याही नाकासमोर येते. गंमत म्हणजे हा आरसा बहुधा काचेचा नसतो. धातूचा मुलामा दिलेली मायलार या प्लॅस्टिकची पातळ फिल्म, मागच्या पोकळीतली हवा ओढून, ताणून धरलेली असते.