पापण्यांच्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जावे का?

प्रश्न : माझे वय ५२ असून वरच्या पापण्यांची कातडी लोंबू लागली आहे. सोलला राहणारी भाची तेथेच शस्त्रक्रिया करून घ्यायला सांगते. आठवड्याची रजा पुरेल का?
– एक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, आठवडा अपुरा आहे. टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी काढतात आणि सूज ओसरायला बहुधा २ आठवडे लागतात. शिवाय डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा दुर्मीळ, पण दृष्टीवर बेतणारा धोका मुख्यतः पहिल्या २४ तासांत असतो, म्हणून तेव्हा भाचीने सोबत राहायलाच हवे. दक्षिण कोरियात परदेशी रुग्ण मिळवू पाहणाऱ्या रुग्णालयांना शासकीय नोंदणी सक्तीची आहे, ती तपासा. मात्र त्याआधी जळगावला नेत्रतज्ज्ञांना दाखवा, कारण पापणी उचलणारा स्नायूच सैल झाला असेल, तर नुसती कातडी काढून ती वर येणार नाही. डोळ्यांच्या कोरडेपणाचीही तपासणी करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर तो काही काळ वाढू शकतो आणि आपल्या खानदेशातील वैशाखाच्या झळांत तो सोसवत नाही, तेव्हा जायचेच असेल तर दिवाळीनंतर जावे, असे मला मनापासून वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्वतःहून बंद करू नका.