नजर शाफ्टवर ठेव

प्रिय बेटा,

तुझा आलेख पाहिला. बुशसाठी, म्हणजे शाफ्ट (फिरता दांडा) ज्यात फिरतो त्या नळीसाठी, टेफ्लॉनमध्ये 5 टक्के नॅनो अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड) घालूनही झीज म्हणावी तशी उतरली नाही, म्हणून आता 10 टक्के घालू का, असं विचारलंयस. थांब. आधी चाचणीत शाफ्टच्या जागी असलेली, नमुना जिच्यावर घासतो ती स्टीलची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धर आणि तिच्यावर काय चिकटलंय ते बघ.

टेफ्लॉनच्या लांब, सरळ साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात. म्हणून त्याचं घर्षण कमी, आणि म्हणूनच त्याचे मोठाले पापुद्रेही सुटतात. ते स्टीलला धरून राहत नाहीत. पुढच्या फेऱ्यांत बाहेर फेकले जातात आणि खालचा नवा थर सुटायला लागतो. फिलर, म्हणजे मिसळलेली पूड, योग्य असेल तर सुटणारे तुकडे फार बारीक होतात, स्टीलवर पातळ, घट्ट थर बसतो आणि टेफ्लॉन त्या थरावर फिरू लागतं. बुश वाचतो तो या थरामुळे. चकतीवर सलग तपकिरी पट्टा दिसला तर तू वाटेवर आहेस. पांढरे, जाड, तुटक पापुद्रे दिसले, तर नुसतं प्रमाण वाढवून मला फारशी आशा नाही.

प्रमाणापेक्षा जात महत्त्वाची. फ्लोरिडा विद्यापीठातल्या बरिस आणि सॉयर यांनी 2006 मध्ये दाखवलं की सुमारे 80 नॅनोमीटरचा अल्फा, म्हणजे एका ठराविक स्फटिकरचनेचा, अॅल्युमिना वजनाने अवघा 1 टक्का घातला तरी टेफ्लॉनची झीज सुमारे 3000 पट कमी होते. त्याआधी 2003 मध्ये याच विद्यापीठात 38 नॅनोमीटरच्या गोल कणांनी 20 टक्क्यांवर 600 पट सुधारणा मिळाली होती. तेव्हा तुझ्या पाकिटावर अल्फा लिहिलंय की गॅमा ही दुसरी रचना, ते आज बघ. आणि मिसळलंस कसं? टेफ्लॉन वितळूनही वाहत नाही, त्यामुळे एक्सट्रुडरमध्ये (प्लास्टिक वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रात) फिलर घोळवता येत नाही. पूड पुडीतच नीट मिसळावी लागते. नाहीतर कढीत बेसनाच्या गाठी राहतात तशा अॅल्युमिनाच्या गुठळ्या राहतात आणि त्या शाफ्टलाच ओरखडतात. हे करताना चांगला मास्क लाव, पंख्याखाली पाकीट उघडू नकोस.

आता आपल्याकडच्या हवेचं. घासताना साखळ्या तुटतात, तुटलेली टोकं हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी जुळतात, आणि त्यातून तयार झालेले कार्बोक्झिलिक गट (आम्लधर्मी अणुगट) स्टीलला आणि अॅल्युमिनाला धरतात. थर बसतो तो या रसायनावर. अगदी कोरड्या नायट्रोजनमध्ये हेच मिश्रण कितीतरी जास्त झिजतं. जळगावचा मे आणि जळगावचा श्रावण, बाष्पाच्या हिशेबाने दोन वेगळे मुलूख आहेत. तुझ्या वहीत भार आहे, वेग आहे, तापमान आहे. आर्द्रतेचा रकानाच नाही! तो आजपासून घाल, नाहीतर उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या नमुन्यांची तुलना करू नकोस.

वजनाचाही हिशेब मांड. झीज दर न्यूटन-मीटरला घन मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागावर आली, तर 100 न्यूटन भाराखाली 1 किलोमीटर घासून जेमतेम 0.02 मिलिग्रॅम जाईल. तुझा काटा 0.1 मिलिग्रॅमच्या खाली वाचत नाही. म्हणजे चांगला नमुना ओळखायला कित्येक किलोमीटर घासावं लागेल. त्यातही सुरुवातीचं अंतर वेगळं लिही, कारण थर बसेपर्यंत झीज जास्तच असते. ती सरासरीत गेली की उत्तम मिश्रणही सुमार दिसतं. तुझ्या 5 टक्क्यांचं असंच झालं असावं, असा माझा संशय आहे. पुढे नायलॉन घेशील तेव्हा न घासलेला एक नमुना शेजारी ठेवून तोही तोलत जा. नायलॉन हवेतलं पाणी पितो, आणि ते वजन झिजेपेक्षा जास्त भरू शकतं.

दालमिलला बुश द्यायची घाई मला कळते, तुझे वडील त्याच धंद्यात आहेत. पण गिरणीत कोंडा आणि माती शाफ्टपर्यंत पोहोचते आणि बसलेला थर खरवडते. स्वच्छ चकतीवरचा आकडा तिथे तसाच मिळणार नाही. तिथली धूळ घेऊन एक वेगळी चाचणी कर. आणि डाळीच्या वाटेत येणाऱ्या जागी हा बुश सध्या देऊच नकोस, त्याचे सुटलेले कण कुणाच्या तरी ताटात जातील.

चकतीचे फोटो आणि पाकिटावरचा मजकूर पाठव. 10 टक्क्यांचं त्यानंतर बोलू.

तुझे सर