पोलीस मिळत नाहीत म्हणून शाळेतला तास अडवून ठेवायचा का?

प्रश्न : आम्ही नाशिकचे, मुलगा पाचवीत. पालक-शिक्षक संघात ठरलं की ड्रग्जबद्दल मुलांना नीट शिकवायचं, आठवड्याला एक तास, आणि तो पोलिसांनीच घ्यायचा कारण वर्दी दिसली की मुलं ऐकतात. पोलीस स्टेशनला अर्ज दिला, साहेब छान बोलले पण म्हणाले माणसंच नाहीत हो, अर्धे बंदोबस्तात असतात, 26 जूनला, अमली पदार्थ विरोधी दिनाला, एक व्याख्यान देतो. आता काही पालक म्हणतायत आधी पोलीस भरतीसाठी निवेदन देऊ, कार्यक्रमाचं नंतर बघू. काय करावं?

उत्तर : निवेदन द्या, जरूर द्या, पण कार्यक्रम त्याच्या शेपटीला बांधू नका. भरती म्हणजे आधी जाहिरात, मग मैदानी, लेखी, मेडिकल, मग ट्रेनिंग, आणि ते पोरगं पोलीस ठाण्यात हजर होईपर्यंत तुमचा मुलगा पाचवी सोडून पुढे गेलेला असेल. त्यात 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा, नवीन आलेली माणसं आधी कुठे उभी राहणार हे नाशिककरांना मी काय सांगू!

आणि खरं सांगू का, साहेबांनी नाही म्हटलं ते मला बरंच वाटलं. तुम्ही म्हणताय तोच प्रयोग अमेरिकेत झालाय, छोटा नाही, देशभर. 1983 मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीस प्रमुख डॅरिल गेट्स आणि तिथल्या सरकारी शाळांनी मिळून 'डेअर' नावाचा कार्यक्रम काढला, वर्दीतला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात जाणार, आठवड्याला एक असे 17 तास घेणार, त्यासाठी त्या पोलिसाला आधी 80 तासांचं ट्रेनिंग. टीशर्ट, स्टिकर, पोरं खूश, आईबाप खूश, नगरसेवक तर विचारूच नका. मग अभ्यासकांनी कार्यक्रम केलेली आणि न केलेली मुलं काही वर्षांनी तपासली तर नशा करण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नाही. 2001 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी (तिथले सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर) तरुणांच्या हिंसाचारावर अहवाल काढला त्यात डेअर 'उपयोग होत नाही' ह्या यादीत टाकला, 2003 मध्ये तिथल्या सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानेही तेच सांगितलं. शेवटी 2009 पासून डेअरवाल्यांनीच आपला जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवून बाहेरून दुसरा घेतला.

आता माणसांचा हिशेब लावून बघा. एक हवालदार रोज चार तास घेतो म्हटलं तरी आठवड्याला 20 तुकड्या, 17 आठवडे म्हणजे एक सत्र गेलं, वर्षाला 40 तुकड्या. शहरात पाचवीच्या नुसत्या 400 तुकड्या धरा (उदाहरणासाठी म्हणतोय), 10 माणसं वर्षभर फक्त ह्यातच, तेही कुणाला मधेच गणपतीच्या नाहीतर सभेच्या बंदोबस्ताला उचललं नाही तर. आणि उचलणारच.

तास वर्गशिक्षकांनाच घेऊ द्या. युरोपात 'अनप्लग्ड' म्हणून 12 धड्यांचा कार्यक्रम आहे, सात देशांतल्या शाळांत तपासलेला, तो शिक्षकच घेतात. त्यात भाषण कमी, करून बघणं जास्त : मित्र आग्रह करतोय तर त्याला तोंड न पाडता नाही कसं म्हणायचं, रागात असताना काय करायचं. आणि 'सगळेच करतात' हे खरंच आहे का तेही वर्गात तपासायचं, कारण मुलांना वाटतं तेवढे जण करत नसतात.

पाचवीत एमडीपासून (मेफेड्रोन नावाचं ड्रग) सुरुवात नको. त्या वयाची पोरं तंबाखू, गुटखा (2012 पासून बंदी आहे म्हणे, टपरीवर विचारा), व्हेप, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन ह्यांच्या जवळ असतात. 2019 ला आलेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त निघालं, मोठ्यांत 0.58 टक्के आणि मुलांत 1.17 टक्के, बाकी कुठल्याच नशेचं असं उलटं नाही. ह्यातल्या बऱ्याच वस्तू स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्यामुळे त्या दुकानदाराशीही बोला.

मग पोलिसांकडे काय मागायचं? जे शिक्षक करू शकत नाही ते. शाळेपासून 100 यार्डात, म्हणजे साधारण 90 मीटरमध्ये, तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, टेप घेऊन मोजा, टपरीचा फोटो लावा आणि पुढचा अर्ज त्याचा द्या. मुलाला तंबाखू, दारू किंवा ड्रग्ज देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, ते कलम अर्जात घाला. ऑक्टोबर 2023 मध्ये तुमच्याच शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला तो मुंबई पोलिसांनी येऊन पकडला, आठवतंय ना? थोडीच माणसं असतील तर ती अशा तपासाला लागू देत, फळ्यासमोर नकोत.

प्रश्न : व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला वर्गात बोलवू का? अनुभव ऐकून मुलांवर परिणाम होईल.

उत्तर : पालकसभेत बोलवा, वर्गात नको. पोरं त्यातून उचलतात काय, तर काका एवढं करूनही ठणठणीत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या ह्या विषयावरच्या मानकांतही अशी मनोगतं आणि नुसती भीती घालणं हे उपयोग न होणाऱ्यांत धरलंय. पालकांसाठी मात्र असा माणूस सोन्यासारखा, पुण्याच्या मुक्तांगणकडे विचारा, 1986 पासून ते हेच काम करतायत.

प्रश्न : कार्यक्रम सुरू झाला आणि एखाद्याच्या दप्तरात काही सापडलं तर? पोलीस केस होईल म्हणून मुख्याध्यापिकाबाई घाबरतात.

उत्तर : म्हणून कोण काय करणार हे आधीच लिहून ठेवा. 18 च्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, प्रकरण गेलंच तर बाल न्याय मंडळापुढे जातं. घाईने दाखला हातात देऊ नका, शाळा सुटली की ते पोर पूर्णवेळ टपरीवरच. आईबापांना बोलवा, समुपदेशकाकडे न्या, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, फुकट आहे. आणि ते दिलं कुणी, ह्याची तक्रार मात्र लेखी द्या आणि पोच घ्या.