ओर्व्हिएतो : दिवसभर की मुक्काम?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठीच्या पुढचे आहोत. रोमहून फ्लोरेन्सला जाताना वाटेत ओर्व्हिएतो हे डोंगरमाथ्यावरचे जुने गाव पाहावे, असा विचार आहे. सकाळी उतरून संध्याकाळच्या गाडीने पुढे जाणे पुरेसे आहे की मुक्काम करावा? पत्नीला गुडघेदुखीचा त्रास आहे, तेव्हा काय पाहावे आणि काय वगळावे, हेही कळवावे. तिथली एक विहीर सगळेजण सुचवतात. पण विहीर पाहण्यासाठी वेळ घालवावा का, याबद्दल आमच्यात एकमत होत नाही. शेजारचे चिविता दि बान्योरेज्जो त्याच दिवशी उरकता येईल का?

उत्तर : मुक्काम करावा. दिवसाच्या सहलीला आलेले लोक कॅथेड्रल पाहून, जेवून दुपारच्या गाडीने परततात आणि नेमके त्यानंतर, पश्चिमेकडे तोंड असलेल्या त्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर उतरते ऊन येऊन मोझेइकमधले, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांमधले, सोने उजळते. हे बांधकाम १२९० मध्ये सुरू झाले आणि १३१० पासून लोरेन्झो मैतानी या शिल्पकार-स्थपतीने ते हाती घेतले. बाजूच्या भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि फिकट ट्रॅव्हर्टाइनचे आडवे पट्टे आहेत. मोझेइकचा बराचसा भाग नंतरच्या शतकांत दुरुस्त झालेला किंवा बदललेला असल्यामुळे आमचे मत असे, की अधिक वेळ खालच्या चार रुंद खांबांना द्यावा. त्यांवर सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचे प्रसंग संगमरवरात कोरलेले आहेत. डावीकडच्या पहिल्या खांबावर गाढ झोपलेल्या ॲडमची बरगडी ईश्वर काढून घेत आहे, तर उजवीकडच्या शेवटच्या खांबाच्या तळाशी नरकात ओढले जाणारे देह एकमेकांत गुंतलेले आहेत. हे सारे माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असल्यामुळे मान उंचावून पाहावे लागत नाही.

आत उजव्या हाताला सान ब्रित्झिओचे प्रार्थनागृह आहे. फ्रा अँजेलिको या चित्रकाराने १४४७ मध्ये त्याच्या छतावरच्या चित्रांचे काम सुरू केले आणि ते अर्धवट सोडून तो निघून गेला; पुढे सुमारे अर्ध्या शतकाने, १४९९ ते १५०४ या काळात, लुका सिन्योरेल्लीने ते पूर्ण केले आणि भिंतींवर जगाचा अंत रंगवला. ख्रिस्तविरोधकाच्या, म्हणजे जगाच्या अंतापूर्वी ख्रिस्त म्हणून मिरवणाऱ्या तोतयाच्या, प्रवचनाच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या वेषातल्या दोन व्यक्ती उभ्या आहेत : एक स्वतः सिन्योरेल्ली आणि दुसरा फ्रा अँजेलिको. आपल्या आधीच्या कारागिराला असा मान देणारा चित्रकार विरळाच. कॅथेड्रलमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत.

आता विहिरीविषयी. ती अवश्य पाहावी. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी ओर्व्हिएतोचा आश्रय घेतला. उभे कडे असलेले हे गाव जिंकायला अवघड असले, तरी वेढा पडला तर पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न होता. म्हणून अंतोनियो दा सांगाल्लो या स्थपतीने सुमारे ५३ मीटर खोल विहीर खणवली आणि तिच्याभोवती एकमेकांना कुठेही न छेदणारे दोन वर्तुळाकार जिने फिरवले. आपल्याकडच्या बारवेत उतरणारा आणि चढणारा एकाच पायऱ्यांवर समोरासमोर येतो; इथे पाणी आणायला निघालेले खेचर एका जिन्याने खाली जाई, तळाशी छोटा पूल ओलांडी आणि भरलेल्या पखाली घेऊन दुसऱ्या जिन्याने वर येई. काम १५३७ मध्ये पुरे झाले. क्लेमेंट १५३४ मध्येच वारले होते, त्यामुळे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप झाला त्यांना तिचे पाणी काही मिळाले नाही. प्रत्येक जिन्याला २४८ पायऱ्या आहेत. त्या खेचरांसाठी केलेल्या असल्याने रुंद आणि कमी उंचीच्या आहेत. तरीही दुखऱ्या गुडघ्याने उतरून पुन्हा तेवढेच चढणे आम्ही सुचवणार नाही. आपण एकट्याने उतरावे आणि तेवढा वेळ पत्नीने शेजारच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बसावे. तिथून पालिया नदीचे खोरे दिसते. तोर्रे देल मोरो हा मनोरा मात्र दोघांनीही वगळला तरी चालेल.

विहिरीइतकेच गावाच्या पोटातले भुयारी जगही महत्त्वाचे आहे. हा डोंगर ज्वालामुखीजन्य तुफा खडकाचा असून तो सहज कोरला जातो. त्यामुळे एट्रुस्कन (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या) काळापासून लोकांनी घरांखाली विहिरी, तळघरे, तेलाचे घाणे आणि कबुतरखाने खोदले. मार्गदर्शकाबरोबरच्या फेरीत या कबुतरखान्यांच्या चौकोनी खोबण्यांच्या रांगा दिसतात. कड्यात उघडणाऱ्या खिडकीतून पक्षी बाहेर जाऊन स्वतःच दाणे टिपून येत, त्यामुळे वेढ्यातही मांसाची सोय राही. (कबुतर आजही तिथल्या खाद्यपदार्थांच्या यादीत असते. शाकाहारी असाल तर पीठ आणि पाणी यांपासून हाताने वळलेला ‘उंब्रिकेल्ली’ हा जाडसर पास्ता मागवावा; त्यावर कोणता सॉस आहे, ते मात्र विचारून घ्यावे.) भुयारांतही पायऱ्या आणि अरुंद वाटा आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी गुडघ्याची अडचण सांगावी.

गावात पोहोचणे सोपे आहे. रोमहून प्रादेशिक रेल्वेने सुमारे सव्वा ते दीड तास लागतो. तिकीट कागदी असेल, तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, नाहीतर दंड होतो. स्थानकासमोरूनच केबलने ओढली जाणारी फ्युनिक्युलर गाडी वर जाते. ती विहिरीजवळच सोडते आणि तिथून छोटी बस कॅथेड्रलच्या चौकात नेते. भाड्याची मोटार घेऊ नये, कारण जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना मज्जाव आहे.

चिविता त्याच दिवशी नको. त्याच्या अलीकडच्या बान्योरेज्जो या गावापर्यंतची बस सुटीच्या दिवशी क्वचितच मिळते आणि तिथून पुढे मोटारींना बंदी असलेल्या लांब पादचारी पुलाचा शेवटचा भाग चांगलाच चढणीचा आहे. पुलावर जाण्यासाठी तिकीटही काढावे लागते. मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने जाऊन दुपारपर्यंत परत येता येईल, मात्र परतीच्या बसची वेळ आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवावी. गुडघा साथ देत नसेल, तर पुलाच्या अलीकडच्या सज्जातूनच ते गाव पाहावे. खचत चाललेल्या मातीवर ते कसे तग धरून आहे, ते तिथून अधिक चांगले कळते.