अस्वलाची बाजू मांडायला निघालेल्या मुलीला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण दोनदा वाचलं. माझ्याशी मराठीत बोलतेस त्यापेक्षा इंग्रजीत तू फार जास्त रागावतेस, हे आजच कळलं. राग असू दे. पण टॅलाहासीला, फ्लोरिडाच्या राजधानीत, विधिमंडळाच्या समितीपुढे हे असंच वाचलंस, तर निम्मे सदस्य फोनमध्ये डोकं घालतील आणि उरलेले तुझं तोंडभर कौतुक करून आपल्या विरोधात मत देतील. २०२४ मध्ये अस्वल मारायची मुभा देणाऱ्या याच कायद्याच्या वेळी मी दोन्ही प्रकार पाहिलेत.

'निष्पाप' हा शब्द चार वेळा आलाय. तेवढा आधी काढ.

बाकीचं सांगायच्या आधी माझी एक फजिती ऐक. २०११ सालची. गणपती नुकतेच गेले होते. पन्नासेक माणसं जेवून गेलेली. उरलेले मोदक, शिळा भात, नारळाच्या करवंट्या असं सगळं मी रात्रीच कचऱ्याच्या डब्यात कोंबलं आणि डबा गॅरेजबाहेर नेऊन ठेवला. पहाटे कोण उठतंय! आमचं घर तुला माहीतच आहे, आय-फोर महामार्गाच्या पश्चिमेला, मागे वेकायवाचं रान. अकराच्या सुमारास धाडकन आवाज झाला. जाळीच्या पोर्चचं दार उघडून बाहेर आलो, तर पंधरा फुटांवर अस्वलीण बसलेली. डबा आडवा. पुढच्या दोन्ही पंजांत करवंटी धरून, आपण आंब्याची कोय चोखतो तशी ती चाटत होती. मागे दोन पिल्लं. मला पाहिल्यावर तिने फुस्स करून श्वास सोडला, जबडा टक टक टक वाजवला आणि पंजा जमिनीवर आपटला. पिल्लं सरसर पाइनवर चढली. मला मात्र पाऊल उचलेना. त्या घटकेला कुणी विचारलं असतं, 'जिवाला धोका आहे का?', तर मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलं असतं.

काळं अस्वल जबडा वाजवतं ते घाबरल्यावर, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ती मला लांब राहा म्हणत होती, एवढंच. मी उलट्या पावली आत आलो, दार लावलं, आणि अर्ध्या तासाने ती पिल्लांना घेऊन गेली. माझ्या घरात बंदूक नव्हती म्हणून ती जिवंत गेली, असं मी आजही धरून चालतो.

आता ही गोष्ट कायद्याच्या मजकुराशेजारी ठेव. मजकूर तू वाचलेला दिसत नाही, नुसत्या बातम्या वाचलेल्या दिसतात. एचबी ८७, म्हणजे प्रतिनिधिगृहाचं विधेयक क्रमांक ८७. जून २०२४ मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी सही केली आणि १ जुलैपासून तो लागू झाला. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला, पाळलेल्या जनावराला, किंवा राहत्या घराचं मोठं नुकसान होण्याचा धोका अगदी समोर उभा आहे असं माणसाला वाजवीपणे वाटलं, तर परवाना नसतानाही तो अस्वल मारू शकतो. मग चोवीस तासांत राज्याच्या वन्यजीव कमिशनला कळवायचं. मेलेलं अस्वल ठेवून घ्यायचं नाही, विकायचं नाही. त्याला बेकायदा हेतूने खाणं दाखवून बोलावलेलं नसावं, आणि मुद्दाम किंवा बेपर्वाईने स्वतःला तशा प्रसंगात घातलेलं नसावं.

वरवर वाचलं तर यात वावगं काय? मलाही पहिल्या वाचनात काही दिसलं नव्हतं. एका वकील मित्राने 'राहतं घर' या शब्दांवर बोट ठेवलं. त्यांची व्याख्या या कायद्याने स्वतः केलेलीच नाही, ती कलम ७७६.०१३ मधून उसनी आणली आहे. ते कलम घरात घुसणाऱ्या माणसाविरुद्ध बळ वापरण्याबद्दलचं. त्यात घराला जोडलेला पोर्च म्हणजे घरच, आणि झोपायला ठोकलेला तंबूही घर. चोर-दरोडेखोरासाठी लिहिलेले शब्द आता कुत्र्याच्या खाण्याच्या वासाने पोर्चची जाळी फाडणाऱ्या अस्वलाला लावायचे. जाळी फाटणं हे 'मोठं नुकसान' का? मजकूर काही बोलत नाही. माझ्यासारखा मोदकांनी भरलेला डबा रात्रभर बाहेर ठेवणं ही 'बेपर्वाई' का? त्यावरही अवाक्षर नाही. आणि प्रसंगाला हजर दोघंच, त्यातलं एक मेलेलं. 'वाजवीपणे वाटलं' की नाही, हे कुणाला विचारणार?

तुझी दोन मिनिटं इथे खर्च कर. (दोन म्हणतात, रांग लांब असली की एकच मिळतं. पन्नास सेकंदांचं भाषण वेगळं लिहून ठेव.) 'कायदा रद्द करा' ही मागणी तू ठळक अक्षरांत लिहिली आहेस. ज्या सभागृहांनी तो आरामात मंजूर केला, ती लगेच तो रद्द करणार नाहीत. कचरा, जनावरांचं खाणं, पक्ष्यांचे दाणे उघड्यावर ठेवलेले असतील तर ही सूट मिळणार नाही, असं एक वाक्य कायद्यात घालून घ्यायचा प्रयत्न कर. तुझ्या वयाला ही माघार वाटेल. वाटू दे.

आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ एकदा काढून बघ. स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या बचावासाठी प्रामाणिकपणे जनावर मारलं तर तो गुन्हा नाही, असं तिथेही लिहिलंय. पण गोष्ट माणसाच्या जिवापाशी थांबते, कुत्रा आणि पोर्च तिथे नाहीत. हे समितीत बोलायचं नाही हं, भारतातला दाखला दिलास की तिथे लोक घड्याळ बघतात. पण शब्द कुठे थांबवायचे असतात ते त्यावरून तुला नीट दिसेल.

आता तुझ्या दुसऱ्या परिच्छेदाकडे येतो. 'फ्लोरिडात अस्वलाने आजवर एकही माणूस मारलेला नाही.' २०२४ मध्ये आम्ही सगळे हेच घोकत होतो आणि तेव्हा ते खरं होतं. मे २०२५ मध्ये कॉलियर काउंटीत एक म्हातारे गृहस्थ अस्वलाच्या हल्ल्यात गेले, त्यांचा कुत्राही गेला. तू ते वाक्य कुठल्यातरी जुन्या पत्रकातून न तपासता उचललंस. समितीत कुणीतरी शांतपणे हे दाखवून देईल आणि तुझी पुढची सगळी वाक्यं वाया जातील. तो मृत्यू तू स्वतःच आधी सांग. मग सांग की इथे गाड्यांखाली दरवर्षी दोनशेहून जास्त अस्वलं मरतात, आणि आमच्या भागात २०१३ च्या डिसेंबरात आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये दोन बायका हल्ल्यांत जखमी झाल्या. त्यानंतर सेमिनोल काउंटीने बंदूक सोपी केली नाही, डबे बदलले. आय-फोरच्या पश्चिमेला आता अस्वलाला उघडता येणार नाही असा कडीचा डबा लागतो, नाहीतर साधा डबा पहाटेपर्यंत गॅरेजमध्ये ठेवावा लागतो. मी सुरुवातीला कुरकुर केली होती, तुझ्या काकूला विचार.

'अस्वलं वाढली' असं समोरचे म्हणतील. नाकारू नकोस. १९७० च्या दशकात राज्यात ती काहीशेच उरली होती, १९७४ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत गेली, आता चार हजारांच्या आसपास आहेत. २०१२ मध्ये यादीतून बाहेर काढली, आणि तीन वर्षांनी शिकार खुली केली तेव्हा दोन दिवसांत ३०४ पडली. डिसेंबर २०२५ च्या शिकारीला सोडतीने १७२ परवाने दिले, त्या सोडतीत आपल्यातल्या काहींनीही नावं घातली होती, परवाना मिळवून नुसता घरी ठेवायला. पण शिकार ठरवतं कमिशन आणि एचबी ८७ आलं विधिमंडळातून. तुझ्या भाषणात दोघांची खिचडी झालीय. शिकारीचा भाग काढ, तो राग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

आमचं २०२४ मध्ये चुकलं ते वेगळंच. विधेयक मांडणारे जेसन शोफ समितीत म्हणाले की आम्ही 'क्रॅक'च्या नशेत असल्यासारख्या अस्वलांबद्दल बोलतोय, दार फोडून बैठकीच्या खोलीत उभं राहणाऱ्या. देशभर हशा पिकला. आम्हीही हसलो. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रं फिरवली. आठवडाभर आम्हाला वाटत होतं, आपण जिंकतोय. त्या आठवड्यात फ्रँकलिन काउंटीला एकही जण गेला नाही.

ही मागणी आली होती तिथून. अपलाचिकोला, ईस्टपॉइंट, कॅराबेल. एकीकडे समुद्र, बाकी टेट्स हेलचं रान. तिथले शेरीफ उघड सांगत होते की अस्वलांनी आम्हाला वेढलंय. ही गावं पिढ्यान्‌पिढ्या ऑयस्टरवर, म्हणजे कालवांवर, जगलेली, आणि २०२० मध्ये अपलाचिकोलाच्या उपसागरातली ऑयस्टर काढायलाच पाच वर्षांची बंदी आली. घातली याच वन्यजीव कमिशनने. उपसागराची अवस्था बघता ती बरोबरच होती, पण ज्याची होडी तेव्हा दारात उलटी पडली होती त्याला त्याच कमिशनचं पत्रक जाऊन सांगत होतं, दाणे आत घ्या, नवा डबा घ्या. त्याला राग फक्त अस्वलाचा आला होता, असं मला वाटत नाही.

माझ्या मामाच्या चेहऱ्याची डावी बाजू मी लहानपणापासून शिवलेलीच पाहिली. सिंदेवाहीकडे, चैत्रात भल्या पहाटे मोहफुलं वेचायला गेला होता. आपलं ते अस्वल वेगळं, वाघाच्या शेजारात राहणारं, पळण्याआधी अंगावर येणारं. इथलं काळं अस्वल बहुतेक वेळा झाड गाठतं. हा फरक मला माहीत आहे, पुस्तकात वाचलाय. पण 'असे हल्ले फार दुर्मीळ असतात' हे वाक्य पुण्या-मुंबईच्या कुणी मामाच्या अंगणात बसून ऐकवलं असतं, तर मामाने त्याला चहा न पाजता वाटेला लावलं असतं. मी मामाच्या बाजूने उभा राहिलो असतो. आणि तरी २०२४ मध्ये समितीसमोर उभं राहून मी स्वतः नेमकं तेच वाक्य म्हणालो. माझ्या मागच्या रांगेत, ऑयस्टर काढणारे घालतात तसे पांढरे रबरी बूट घातलेला एक माणूस बसला होता. तो काही बोलला नाही. समितीपुढे बोलण्यासाठी भरायच्या चिठ्ठीवर 'समर्थन, बोलायचं नाही' अशी खूण करून निघून गेला. त्याचा चेहरा मला शोफ यांच्या भाषणापेक्षा जास्त आठवतो.

तू मतदार नाहीस म्हणून घाबरतेस, ते सोड, चिठ्ठी भरून कुणालाही बोलता येतं. पण त्याच्या आधी आपण कॅराबेलला जाऊ. शनिवारी सकाळी लवकर निघून गेन्सव्हिलला तुला घेतो, पुढे दुपारपर्यंत पोचू. तिथे भाषण नको. कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, आदल्या रात्री डबे कुठे असतात, कडीचा डबा मिळतो का आणि पैसे कुणी भरायचे, एवढं विचारायचं आणि ऐकायचं. कुणी अस्वलाला शिव्या दिल्या तर त्याही लिहून घे. जाड वही आण, तुझ्या फोनवर माझा भरवसा नाही.

काकू थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतेय. रात्री तिथेच राहायचं आहे, तेव्हा उरलेलं गाडीत ठेवायचं नाही. खोलीत आत न्यायचं, विसरू नकोस.

तुझा,
काका